होम थिएटरच्या स्पीकर वायरी: एक पावसाळा काढल्यानंतरचं मत

मागच्या वर्षी दिवाळीत घरात 5.1 (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) बसवला. रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) आणि स्पीकरबद्दल इथे काही लिहीत नाही, त्यांचे आकडे तुम्हाला माहीत असतात आणि ते व्यवस्थित चाललेत. लिहायचंय ते त्यांच्यामधल्या वायरींबद्दल. बसवताना कोणी त्यांच्याकडे बघत नाही आणि एकदा फॉल्स सीलिंगमध्ये गेल्या की बघताही येत नाही.

जुलैत, ऐन पावसात, मागचा डावा स्पीकर आधी खरखरू लागला आणि मग बंदच पडला. ज्या डीलरने सगळं बसवून दिलं होतं त्याचा माणूस आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "सर, स्पीकर गेलाय. कंपनीत पाठवावा लागेल." व्हिजिटचे पैसेही मागितले. तो गेल्यावर मी उजवा स्पीकर काढून डाव्याच्या वायरीला जोडला. मुका. डावा उजव्याच्या वायरीला जोडला, तर तो खणखणीत वाजला. एवढी साधी अदलाबदल त्या माणसाने करून बघितली नाही, याचा राग अजून गेलेला नाही. स्पीकर कंपनीत गेला असता, पंधरा-वीस दिवसांनी "फॉल्ट नाही" म्हणून परत आला असता आणि घरी पुन्हा मुकाच राहिला असता.

मग वायर हातात घेतली. स्पीकरमागच्या टर्मिनलमधून काढताना निम्म्या तारा आतच तुटून राहिल्या. उरलेल्यांच्या टोकांवर पांढुरकी भुकटी जमली होती. थोडं मागचं प्लास्टिक सोलून एक तार ब्लेडने हलकेच खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला आणि आत पांढरा धातू. ॲल्युमिनियम! वरून नुसता तांब्याचा मुलामा. बाजारात याला सीसीए (कॉपर क्लॅड ॲल्युमिनियम) म्हणतात. वायरीच्या पारदर्शक आवरणावर मात्र "ऑक्सिजन फ्री" (म्हणजे शुद्ध तांबं) असं ठळक छापलेलं आहे.

इथे एक खुलासा. वरून पांढरी दिसणारी प्रत्येक तार वाईट नसते. कथिलाचा मुलामा दिलेलं तांबंही पांढरं दिसतं, पण खरवडल्यावर आतून लाल निघतं. म्हणजे वरचा रंग बघायचा नाही, आतला बघायचा.

ॲल्युमिनियममधून वीज जात नाही असं नाही. तांब्याच्या साधारण साठ-पासष्ट टक्के जाते, म्हणजे तेवढ्याच कामाला वायरीचा छेद (चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात तो) दीडपटीहून थोडा मोठा लागतो. माझ्याकडे वायर होती जेमतेम पाऊण चौरस मिलिमीटरची. रिसीव्हरपासून मागच्या डाव्या स्पीकरपर्यंत छतातून फिरून 12 मीटर. जाणं-येणं धरून 24 मीटर. एवढ्या सीसीएचा रोध 0.85 ओहमच्या आसपास जातो. स्पीकर 6 ओहमचा. वायरीचा रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा असा साधा ठोकताळा आहे, म्हणजे 0.3. इथे जवळजवळ तिप्पट. तेच दीड चौरस मिलिमीटरचं खरं तांबं घेतलं तर 0.28 येतो आणि अडीचचं घेतलं तर 0.17. हा हिशोब कोणालाही करता येतो: तांब्यासाठी 0.0172 ला चौरस मिलिमीटरने भागा आणि जाऊन-येऊन लांबीने गुणा.

पण खरा घात रोधाने झाला नाही, टोकाशी झाला. ॲल्युमिनियम मऊ असतं, टर्मिनलच्या दाबाखाली हळूहळू चपटं होत जातं आणि पकड सैल पडते. उघड्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर येतो, त्यातून वीज जात नाही. कापलेल्या टोकाशी तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्ही उघडे पडतात. त्यात पुण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा मिळाली की गंज धरायला वेळ लागत नाही. बारीक तारा दोन-चारदा वाकवल्या की तुटतातही. शिवाय तुटलेली एखादी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद होतो, ते वेगळंच.

डीलरला फोन केला तर उत्तर आलं, "सगळे हीच वापरतात, सर. चांगली पाहिजे तर इंपोर्टेड घ्या, साडेनऊशे रुपये मीटर." मला पाचही स्पीकर मिळून पन्नासेक मीटर लागणार होती. म्हणजे वायरींवर सत्तेचाळीस हजार! आधी मुलामा विकायचा आणि तो उघडा पडला की दागिन्याच्या भावाची वायर दाखवायची. मधलं काही नाहीच.

मधलं आहे, आणि ते पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात मिळतं. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मी वायर बघत फिरलो. प्रत्येक ठिकाणी टोक सोलून, खरवडून दाखवा म्हणालो. एका ठिकाणी "काका, कॉपरच आहे हो, विश्वास ठेवा" एवढंच उत्तर मिळालं आणि ब्लेड काही मिळालं नाही. तिथून निघालो. शेवटी घेतली ती स्पीकर वायर म्हणून विकली जाणारी नव्हेच: फिनोलेक्सची, आपल्या पिंपरीच्या कंपनीची, दोन कोअरची दीड चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची वायर. तिच्यावर आयएस 694 छापलेलं असतं. विजेच्या वायरींचं हे भारतीय मानक आहे, त्यामुळे तांबं किती आणि कसं हे कोणाच्या तोंडी शब्दावर राहत नाही. मीटरला शंभराच्या आत पडली. दोन कोअरचे रंग वेगळे असल्याने प्लस-मायनसची गल्लत होत नाही. ती झाली तर आवाज येतो, पण बेस पोकळ होतो आणि कारण सापडत नाही.

ओढकाम मात्र त्रासाचं झालं. जुन्या वायरीला नवी बांधून ओढायला गेलो, तर जुनी पाइपातच तुटली. इलेक्ट्रिशियन दादांनी नायलॉनची स्प्रिंग घालून दुसऱ्या बाजूने काढली. अख्खी दुपार गेली.

आता आवाजाबद्दल. नव्या वायरींवर पहिले काही दिवस मला फरक प्रचंड वाटला आणि तसं मी दोन-तीन मित्रांना छातीठोकपणे सांगितलंही. आज ते मत तसं राहिलेलं नाही. वायर बदलल्यावर मी रिसीव्हरचं मायक्रोफोन लावून करायचं सेटिंगही नव्याने केलं होतं, आणि बराचसा फरक त्याचाच असणार. रोधामुळे आवाज पडला होता तो डेसिबलभर. म्हणजे साडेनऊशेची वायर घेऊन संगीत उजळेल असं कोणी सांगत असेल तर पैसे खिशात ठेवा. तांबं घ्यायचं ते टिकण्यासाठी.

बनाना प्लगबद्दलही (वायरीच्या टोकाला लावून टर्मिनलमध्ये खुपसायचे प्लग) मत बदललं. आधी मला ते दिखाऊ वाटायचे. आता घरात साफसफाईला स्पीकर हलतात तेव्हा तारा वाकत नाहीत, सुटत नाहीत. स्क्रूने आवळायचे घ्या, मुलाम्याच्या रंगाकडे बघू नका.

बाकीच्या केबलींचं थोडक्यात. टीव्हीपासून रिसीव्हरला ऑप्टिकल लावलेली होती, ती काढून एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच रिसीव्हरकडे पाठवायची सोय) लावली, कारण टीव्हीच्या ॲपमधला डॉल्बी ॲटमॉस आवाज ऑप्टिकलमधून येत नाही. दीड मीटरची साधी एचडीएमआय पुरते. सबवूफर घुमत होता, तेव्हा डीलरने महागडी सबवूफर केबल सुचवली होती. सेट टॉप बॉक्सची गोल केबल काढली आणि घूं थांबलं. दोष अर्थिंगच्या लूपचा होता (उपकरणं वेगवेगळ्या वाटांनी अर्थ झाली की असं घुमतं), सबवूफरच्या केबलचा नव्हे.

नव्या वायरी गणपतीच्या आधी पडल्या. त्यानंतरच्या महिन्यांत एकदाही खरखर नाही. परवा मागच्या डाव्या स्पीकरचं टर्मिनल मुद्दाम उघडून बघितलं, तारा अजून लाल आहेत. डीलरकडे जुन्या वायरीचे पैसे मागतोय, तो म्हणतो बिलावर "वायरिंग व ॲक्सेसरीज" एवढंच आहे, तांबं कुठे लिहिलंय? म्हणून तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर "कॉपर" आणि चौरस मिलिमीटर दोन्ही लिहून घ्या. लिहायला नको म्हणाला तर वायर काउंटरवरच राहू द्या.