हळदणकर की त्रिंदाद?
सावळाराम हळदणकर सावंतवाडीचे, आंतोनियो शाविएर त्रिंदाद गोव्याचे. दोघेही चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेले. त्रिंदादांची तैलरंगातली व्यक्तिचित्रं सावकाश उलगडतात. ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ (रेम्ब्रांट म्हणजे व्यक्तिचित्रांसाठी गाजलेला डच चित्रकार) हे बिरुद त्यांना उगाच नाही चिकटलं. पण तैलरंगात चुकलं तर खरवडून पुन्हा रंगवता येतं. जलरंगात ती सोय जवळपास नाहीच. म्हणून हळदणकरांचं जलरंगातलं ‘ग्लो ऑफ होप’ बघाच: दिव्याआड धरलेला हात आणि उजेडाने आतून लालसर झालेली बोटं. मॉडेल त्यांचीच मुलगी, गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. (अनेकजण ते बिनदिक्कत राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात!) माझा कौल हळदणकरांना. पणजीला गेलात तर मात्र फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेतली त्रिंदादांची चित्रं चुकवू नका.