पर्सनल ट्रेनरचं पॅकेज घेताना पैसे कुठे बुडतात

सुरुवात फुकट सेशनपासून होते. जिममध्ये नाव घातलं की दोन-तीन दिवसांत ‘असेसमेंट’साठी बोलावणं येतं. हातात हँडल धरून मशीनवर उभं राहायचं, कागद छापून बाहेर येतो, ट्रेनर चरबीच्या आकड्याभोवती लाल पेनने गोल काढतो आणि आणखी दहा मिनिटांत 36 सेशनचं पॅकेज समोर ठेवलं जातं. ‘आजच भरलं तर सवलत’ हे वाक्य ठरलेलं. माणूस त्या आकड्याने आधीच खजील झालेला असतो, तिथेच सही करून मोकळा होतो.

त्या कागदाचीच गोष्ट आधी समजून घ्या, कारण तीन महिन्यांनी त्याच कागदावर तुम्हाला ‘रिझल्ट’ दाखवणार आहेत. हे मशीन चरबी थेट मोजत नाही. अंगातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून त्याला किती अडथळा होतो ते पाहतं आणि उंची, वय, लिंग जमेला धरून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी भरपूर असलेल्या स्नायूंतून वीज सहज जाते, चरबीतून कष्टाने. म्हणून अंगात पाणी कमी असताना चढलात तर चरबी जास्त दिसते आणि अंगात पुरेसं पाणी असेल तर तोच माणूस सडपातळ ठरतो. उंची दोन सेंटीमीटर वाढवून टाकली तरी आकडा खाली येतो. पहिली चाचणी तहानलेल्या अंगाने आणि शेवटची पुरेसं पाणी पिऊन घेतली की कोणी न सुधारताही कागद सुधारतो. दोन्ही चाचण्या सकाळी, रिकाम्या पोटी, लघवीला जाऊन आल्यावर आणि आदल्या संध्याकाळी व्यायाम न करता घ्या. कागदावर छापलेली उंची आणि वय स्वतः तपासा. शिवाय घरी बेंबीच्या रेषेत मोजपट्टीने कंबर मोजून तारखेसकट लिहून ठेवा. मोजपट्टीला कोणाचं पॅकेज विकायचं नसतं.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणूनही हुरळून जाऊ नका. डाएट चार्टमध्ये पिष्टमय पदार्थ एकदम तोडलेले असतात. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, बरीचशी संपते आणि त्याच्या दर ग्रॅममागे धरून ठेवलेलं सुमारे तीन ग्रॅम पाणी निघून जातं. नेहमीचं जेवण सुरू झालं की तेच वजन परत येतं, आणि नेमकं तेव्हाच ‘पॅकेज रिन्यू करा, सातत्य तुटलं’ असं ऐकवलं जातं. चरबी खरंच कमी होत असेल तर आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग चांगलाच म्हणायचा.

आता बेंच प्रेसकडे, म्हणजे बाकावर झोपून वजनाची दांडी (बार) छातीवरून वर ढकलण्याकडे या. ट्रेनर डोक्यामागे उभा, दोन्ही हात बारखाली, तोंडाने ‘येस, तूच करतोयस, अजून दोन!’ चालू. त्याची बोटं नीट पाहा. बोटं बारला टेकलेली असतील आणि त्याचे खांदे वर जात असतील तर वजन तो उचलतोय. मदतीला मागे उभं राहणाऱ्याने हात बारपासून बोटभर लांब ठेवायचे आणि बार अडकला तरच धरायचा. वहीत 50 किलोचे 10 रेप्स (एका दमातल्या उचली) लिहिले जातात, त्यातले शेवटचे चार ट्रेनरच्या पाठीने काढलेले असतात. पुढच्या वेळी 55 चढवतात आणि खांदा दुखायला लागतो. एक सेट ‘हात लावू नका’ असं सांगून करा. जेवढे रेप्स झाले तेवढीच तुमची खरी ताकद.

तासाचा हिशोबही मांडा. 60 मिनिटांत 10 मिनिटं ट्रेडमिल, शेवटी 10 मिनिटं स्ट्रेचिंग, मध्ये फोन, शेजारच्या मशीनवर दुसरा क्लायंट. तुमच्या वाट्याला अर्धा तास उरतो. चालायला आणि ताणायला ट्रेनर लागत नाही. सेशनच्या आधी आणि नंतर ते स्वतः करा, पैसे दिलेल्या वेळेत बारखाली उभे राहा. पैसे भरण्याआधी दोन दिवस ट्रेडमिलवरून त्या ट्रेनरकडे नुसतं लक्ष ठेवलं तरी बरंच कळतं. दोघांना एकाच वेळी घेतो का, सेट चालू असताना स्क्रीनकडे बघतो का, दिवसाचा तिसरा क्लायंटही तोच व्यायाम करतोय का.

सगळ्यात मोठी खूण म्हणजे वही. कोणत्या दिवशी कोणता व्यायाम, किती किलो, किती सेट, किती रेप्स, मध्ये किती विश्रांती, हे लिहिलेलं नसेल तर कार्यक्रमच नाही, रोजचा घाम आहे. ‘शरीराला सवय होऊ नये म्हणून रोज वेगळं करतो’ हे ऐकलं की सावध व्हा. स्क्वॉट (बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), प्रेस (वजन ढकलणं), रो (वजन ओढणं) हेच व्यायाम आठवड्यामागून आठवडे करत थोडं वजन किंवा एखादा रेप वाढवत नेला की ताकद वाढते. रोज बदलल्यावर तुलना करायला काही उरत नाही आणि प्रगती नाही हेही लक्षात येत नाही. पहिले सहा-आठ आठवडे तर कोणाच्याही हाताखाली वजनं वाढतात, कारण मेंदू आणि नसा ती हालचाल शिकत असतात. त्यावरून ट्रेनर पारखू नका, तिसऱ्या-चौथ्या महिन्याची वही पाहा.

काही गोष्टींत पैशांपलीकडचं नुकसान आहे. पहिल्याच दिवशी शंभर-दीडशे स्क्वॉट आणि लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) काढून ‘उद्या जिने उतरता येणार नाहीत’ अशी फुशारकी मारणारा ट्रेनर धोकादायक आहे. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम मारा झाला तर पेशी फुटून मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. स्नायू असह्य दुखून सुजले आणि लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, ट्रेनरला फोन करत बसू नका. ‘कोर्स’ म्हणून सुचवलेल्या गोळ्या-इंजेक्शनांना साफ नकार द्या. स्टेरॉइडमुळे शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं मंदावतं, थांबतंही. प्रोटीनचा डबा त्याच्याकडूनच घ्या असा आग्रह असेल तर त्यात बहुतेकदा कमिशन असतं. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन जेवणातून मिळत असेल तर डब्याची गरजच नाही.

मग ट्रेनर घ्यावा की नाही? नवख्या माणसाने जरूर घ्यावा, पण आठ-दहा सेशन. तेवढ्यात चार-पाच मूळ हालचाली, बार सुरक्षित ठेवणं आणि वही लिहिणं शिकून होतं. पुढे महिन्यातून एकदा फॉर्म (हालचाल करायची पद्धत) तपासून घेतला की भागतं. जुनी दुखापत किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट. दुखापत-आजाराबद्दल पहिल्या भेटीत न विचारता वजन हातात देणारा ट्रेनर तिथेच नापास. प्रमाणपत्र भिंतीवर नको, संस्थेच्या वेबसाइटवर नाव शोधा. एसीएसएम, एनएससीए, एसीई, एनएएसएम या अमेरिकी संस्थांची प्रमाणपत्रं दोन-तीन वर्षांनी नूतनीकरण करावी लागतात आणि त्यांना सीपीआरचं (हृदय बंद पडल्यास छाती दाबून जीव वाचवण्याचं) प्रशिक्षण लागतं. ‘सीपीआरचं प्रशिक्षण कधी घेतलंत?’ हा प्रश्न विचारायला संकोचू नका.

सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर घ्या: सेशनची मुदत किती, आजारपणात ती थांबवता येते का, ट्रेनर सोडून गेला तर उरलेल्या सेशनचे पैसे परत की बदली ट्रेनर, आणि किती तास आधी कळवलं तर सेशन कापलं जात नाही. तोंडी ‘बघून घेऊ’ला किंमत नाही. आणि हजेरीचा कागद! महिन्याअखेरी पाच-सहा रकाने पुढे करून ‘सगळ्यांवर एकदम सही करून टाका’ म्हणतात. न झालेली सेशन तिथेच गायब होतात. सही त्याच दिवशी, तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहून करायची, आणि लगेच मोबाइलवर फोटो काढायचा. अडकला असाल तर तक्रार ट्रेनरकडे नको, व्यवस्थापनाकडे लेखी द्या. सोबत पावती, करार आणि हे फोटो जोडा, झालेली आणि उरलेली सेशन आकड्यांत लिहा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.