सहा महिन्यांनी पुन्हा भरलेला फीडबॅक फॉर्म

सॉफ्टवेअरवरची कॉन्फरन्स संपली तेव्हा दारातच उभं राहून, मोबाईलवर, घाईघाईत फीडबॅक फॉर्म भरला होता. दोन दिवस, १२ टॉक्स, प्रत्येकाला ५ पैकी गुण. त्याची प्रत मेलमध्ये पडून होती. सहा महिन्यांनी परवा ती वाचली आणि माझेच गुण मला पटेनात.

कीनोटला मी ५ दिले होते. हशा, टाळ्या, सगळं होतं. आज विषय आठवायला वेळापत्रक उघडावं लागलं. २ देतो, तेही सकाळी सकाळी झोप उडवल्याबद्दल.

आता ज्याला २ दिले होते त्याबद्दल. टाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट बघायची) आणि रिट्राय (उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारणं) हा विषय, जेवणानंतरची वेळ, छोटा हॉल. बाई स्लाइड वाचून दाखवत होत्या आणि अक्षर इतकं बारीक की मागच्या रांगेत नुसत्या मुंग्या. माझा शेरा: 'माहिती बरी, मांडणी रटाळ.' त्यांची एक आकृती मात्र डोक्यात राहिली. पहिली सेवा (म्हणजे सर्व्हरवर चालणारा एक प्रोग्राम) दुसरीला हाक मारते, दुसरी तिसरीला, तिसरी डेटाबेसला. उत्तर आलं नाही तर प्रत्येक जण एकूण ३ वेळा प्रयत्न करतो. ऐकायला किती समजूतदार! पण तिन्हींचा गुणाकार होतो आणि आधीच धापा टाकणाऱ्या डेटाबेसवर एका क्लिकमागे २७ विनंत्या येऊन आदळतात.

दोन महिन्यांनी आमच्याकडे हेच झालं. डेटाबेस जरासा मंदावला होता, त्याला झोपवलं ते आमच्याच रिट्रायने. रात्री दीड वाजता लॉग बघताना ती मुंग्यांची स्लाइड आठवली. पुढच्या आठवड्यात रिट्राय एकाच थरावर ठेवला, दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढत जाईल असं केलं आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक घातला. हा फरक नसला तर एकदम पडलेले सगळे क्लायंट एकदमच परत येतात, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत टाइमआउट आपण दिला नाही तर ती उत्तराची वाट बघतच बसते, हेही बाईंनी सांगितलं होतं. आमच्या कोडमध्ये अशा १७ जागा सापडल्या. पैसे कापण्यासारखी विनंती पुन्हा पाठवायची तर तिला ओळख पटवणारी एक की हवी, नाहीतर ग्राहकाचे पैसे दोनदा जातात, हा मुद्दा मी तेव्हा चक्क कानाआड केला होता. ५ पैकी ५. बारीक अक्षरासकट.

इव्हेंट सोर्सिंगच्या, म्हणजे प्रत्येक बदल कधीही न बदलणारी नोंद ('इव्हेंट') म्हणून साठवण्याच्या, टॉकला तेव्हा ५, आता १. स्पीकर तयारीचा, डेमो एकदाही अडला नाही. आम्ही भारावून परतलो आणि एका मॉड्यूलमध्ये ते घालायला घेतलं. दोन महिन्यांतच इव्हेंटची रचना बदलायची वेळ आली, आणि मग कळलं की जुने इव्हेंट जुन्याच रूपात राहणार आणि ते वाचणारा कोड कायम सांभाळायचा. दुसरी पंचाईत अशी की ग्राहकाने 'माझी माहिती पुसा' म्हटलं, तर ज्या नोंदी कधी बदलायच्याच नाहीत त्यांतून ती पुसायची कशी? यावर उपाय आहेत, पण टॉकमध्ये त्यांचा उल्लेखही नव्हता. सगळं खापर स्पीकरवर फोडत नाही, उडी आम्हीच मारली. तरी ४० मिनिटांत ५ मिनिटं 'हे कधी वापरू नये' यासाठी ठेवता आली असती.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मायग्रेशनवरचं (म्हणजे त्याची रचना बदलण्यावरचं) टॉक म्हणजे रात्र थोडी सोंगं फार. शेवटच्या २० स्लाइड नुसत्या पळवल्या. त्यातली एक कामी आली: साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बनवताना त्या टेबलवरचं लिखाण थांबतं, आज्ञेत 'कॉन्करंटली' म्हटलं तर थांबत नाही, मात्र ते ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा गटाच्या) आत चालत नाही आणि मध्येच फसलं तर निकामी इंडेक्स मागे राहतो. तो आम्ही एकदा हाताने काढलाही. ३ होते, ३च राहू देत.

५ मिनिटांच्या लाइटनिंग टॉकमध्ये एका मुलाने गिट बायसेक्ट दाखवलं: कोडमधल्या कुठल्या बदलाने (कमिटने) बिघाड आणला ते दर वेळी यादी अर्धी करत शोधायचं. हजार कमिट असले तरी साधारण १० तपासण्यांत दोषी कमिट सापडतो, आणि टेस्टची स्क्रिप्ट दिली तर त्या तपासण्याही ते स्वतःच करतं. मी आता महिन्यातून एकदा तरी वापरतो. लाइटनिंग टॉकना फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

पॅनेलबद्दल लिहावं असं पॅनेलमध्ये काही नव्हतं. प्रश्नोत्तरांत 'माझा प्रश्न नाही, एक मुद्दा आहे' म्हणणाऱ्यांकडून माईक परत घ्यायला कुणीतरी नेमा, एवढीच आयोजकांना विनंती. आणि दुसरा फॉर्म चार-सहा महिन्यांनी पाठवा. 'यातलं काय वापरलं आणि काय वापरून पस्तावलात', हे दोनच प्रश्न पुरे.

रिट्रायच्या टॉकचं रेकॉर्डिंग आलं आहे. पहिली चार मिनिटं आवाज जवळजवळ नाहीच, तिथून पुढे बघा. आकृती साधारण मध्यावर येते. स्क्रीन मोठी करून थांबवलीत, तर अक्षर वाचता येतं.