जुना वॉल्व्हचा रेडिओ: सगळे पार्ट बदलायचे की मोजून बदलायचे?

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांत माळ्यावर अजून वॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांवर चालणारे) रेडिओ निघतात. दुरुस्तीला नेला की दोन सल्ले मिळतात: ‘सगळे कंडेन्सर-रेझिस्टन्स नवे टाका’ किंवा ‘गेलंय तेवढंच बदला’. आतलं काढून ब्लूटूथचं किट बसवायची तिसरी वाट मी धरतच नाही. त्यात रेडिओ उरत नाही, नुसता खोका उरतो.

रेझिस्टन्स मोजूनच बदलावेत. त्यावरचे रंगाचे पट्टे पिवळा-जांभळा-पिवळा म्हणजे ४७० किलोओहम. शेवटचा पट्टा चंदेरी असेल तर १० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ४२३ ते ५१७. जुने कार्बनचे रेझिस्टन्स बहुधा वरच सरकतात. मीटरवर ६५० आलं तर काढा, ५०० आलं तर राहू द्या. फक्त एक टोक सोडवून मोजा, नाहीतर शेजारच्या पार्टमुळे आकडा कमी दिसतो.

कागदी कंडेन्सरला (मेण लावलेल्या कागदाच्या कपॅसिटरला) मात्र हा न्याय लावू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या घरात जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर इतके उन्हाळे काढलेली चॅसी (पार्ट बसवलेला पत्र्याचा सांगाडा) उलटी करून बघा, मेण ओघळून जोडणीच्या टॅगवर साचलेलं दिसेल. तरीही मीटर ०.०१ मायक्रोफॅरड बरोबर दाखवतो, कारण तो जेमतेम काही व्होल्टवर मोजतो. गळती, म्हणजे कंडेन्सरमधून पाझरणारा करंट, दिसते ती दीडशे व्होल्ट चढल्यावर. ईएल८४ या स्पीकर चालवणाऱ्या वॉल्व्हच्या ग्रिडकडे (करंट आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा कंडेन्सर घ्या: मागे १५० व्होल्ट, ग्रिडला १ मेगओहम, आणि गळती अवघी २० मेगओहमची. एवढ्यानंही ग्रिडवर ७ व्होल्ट येतात, आणि या वॉल्व्हचा बायसच (करंट आवरणारा ग्रिडचा उणा व्होल्टेज) साधारण तेवढा असतो. करंट वाढतो, वॉल्व्ह झिजतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तसा ट्रान्सफॉर्मर आता शोधून सापडत नाही. म्हणून कागदी कंडेन्सर न मोजता सगळे काढा. नवे ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर स्वस्त आहेत.

सरसकट बदलण्यातही धोका आहेच. आयएफटीजवळचे (स्टेशन वेगळं काढणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरजवळचे) मायका आणि सिरॅमिक कंडेन्सर सहसा चांगले असतात. उगाच बदलले की ट्यूनिंग सरकतं. फिल्टर कंडेन्सर बदलताना हम (स्पीकरमधली घरघर) जावी म्हणून कुणी १०० मायक्रोफॅरडचा टाकतात, पण ईझेड८० रेक्टिफायरला (एसीचा डीसी करणाऱ्या वॉल्व्हला) पहिला कंडेन्सर ५०च्या वर सोसत नाही.

यूसीएल८२, यूवाय८५ असे वॉल्व्ह असलेला एसी-डीसी सेट (एसी आणि डीसी दोन्ही लाइनवर चालणारा) असेल तर घरी उघडूच नका. त्यात चॅसी थेट लाइनला जोडलेली असते, प्लग उलटा बसला की चॅसीतच करंट. तो जाणत्या मेकॅनिककडेच द्या.

पहिल्यांदा लावताना ६० वॉटचा साधा तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये घ्या. तो झगझगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. रेडिओच्या मागचा व्होल्टेजचा टॅपही (लाइनचा व्होल्टेज निवडायची खूण) बघा. रात्री शेतातले पंप बंद झाले की गावात व्होल्टेज २५०पर्यंत चढतं. टॅप २२०वर असेल तर हीटरला (वॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्टच्या जागी ७च्या वर मिळतात. टॅप २४० किंवा २५०वर ठेवा.

नंतर बल्ब काढून ईएल८४च्या कॅथोडवर (करंट जिथून निघतो त्या टोकावर) मीटर लावून अर्धा तास बसा. ७ व्होल्टच्या आसपास स्थिर राहिलं तर ठीक. हळूहळू चढत गेलं तर बंद करा आणि ग्रिडचा कंडेन्सर खरंच बदललाय का, ते आधी पाहा.