सेगा सीडी, मॉडेल २: जागा मुबलक, रंग तेवढेच

गेल्या दिवाळीच्या सुमारास न्यू जर्सीतल्या एका जुन्या गेमच्या दुकानातून सेगा सीडी घेतली. ही सेगा जेनेसिस या जुन्या गेम कन्सोलला लावायची जोडणी, तिच्यामुळे त्यावर सीडीवरचे गेम चालतात. जेनेसिस घरात आधीपासून होताच. आपण त्याला मेगा ड्राइव्ह म्हणतो, अमेरिकेत नाव वेगळं. त्यामुळे जपान-युरोपातली मेगा-सीडी इथे सेगा सीडी झाली. गणपती आले तरी ती अजून टीव्हीखालीच आहे, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात काँट्रा आणि मारिओच्या कॅसेटी गल्लोगल्ली फिरल्या, पण ही वस्तू पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. शॉ वॉलेस कंपनीने १९९५मध्ये मेगा ड्राइव्ह भारतात आणला तोच १८,००० रुपयांना. त्यावर आणखी ही जोडणी कोण घेणार? जपानमध्ये ती डिसेंबर १९९१मध्ये ४९,८०० येनला आली, अमेरिकेत १९९२च्या ऑक्टोबरात २९९ डॉलरला. म्हणजे जोडणी मूळ कन्सोलपेक्षा महाग. माझ्याकडे आहे ते १९९३चं दुसरं मॉडेल, तेव्हाची किंमत २२९ डॉलर. पहिल्या मॉडेलचा सीडीचा ट्रे मोटरवर आत-बाहेर होतो. यात वरचं झाकण उघडून हाताने सीडी ठेवायची. हलणारे भाग कमी, म्हणून जुनी घ्यायची तर हीच बरी. जेनेसिसच्या उजव्या बाजूच्या पोर्टात ती शिरते आणि दोघं मिळून टीव्हीखालचा अख्खा कप्पा खातात.

या यंत्राबद्दल माझं म्हणणं एकच आहे. त्याने जागा दिली, रंग दिले नाहीत. त्या काळच्या बहुतेक कॅसेटी एक-दोन एमबीच्या, आणि सीडीवर सहाशेच्या वर. आत '६८०००' नावाचा दुसरा प्रोसेसर, १२.५ मेगाहर्ट्झचा (जेनेसिसचा ७.६), चित्र लहान-मोठं करणारी आणि फिरवणारी चिप, शिवाय आवाजाचे आठ जादा चॅनल. पण पडद्यावर चित्र उमटवायचं काम शेवटी जेनेसिसचंच: ५१२पैकी एका वेळी ६४ रंग. आणि ड्राइव्ह एकपट वेगाचा, सेकंदाला १५० केबी. कोणता गेम आज चालतो आणि कोणता हास्यास्पद वाटतो, हे या आकड्यांवरूनच ओळखता येतं.

जाहिराती झाल्या त्या खऱ्या नटांचं चित्रीकरण असलेल्या गेमच्या. नाइट ट्रॅप आणि स्यूअर शार्क दोन्ही खेळून पाहिले. नाइट ट्रॅपचं चित्रीकरण तर १९८७चं, व्हीएचएस टेपवर चालणाऱ्या एका कन्सोलसाठी केलेलं. तो कन्सोल बाजारात आलाच नाही. चौसष्ट रंगांत माणसाचा चेहरा म्हणजे चुन्याने सारवल्यासारखा दिसतो, आणि तोही पडद्याच्या एका चौकटीत. हाच गेम डिसेंबर १९९३मध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत गाजला आणि पुढच्या वर्षी गेमना वयोगट ठरवून देणारं ईएसआरबी मंडळ आलं. एवढं रामायण ज्यावरून झालं ते बघताना माझा नवरा अर्ध्या तासात झोपला. इतिहासासाठी एकदा पाहावा, पैसे घालू नयेत.

याउलट सॉनिक सीडी. १९९३चा हा गेम मी अजून दर आठवड्याला लावते. पाटीला धडकून वेग धरला की सॉनिक भूतकाळात किंवा भविष्यात जातो. त्याच टप्प्याची वेगळी चित्रं, वेगळं संगीत. कॅसेटमध्ये हे मावलं नसतं. गंमत संगीतात आहे. वर्तमान आणि भविष्याची गाणी सीडीवरचे साधे ऑडिओ ट्रॅक आहेत, म्हणून अमेरिकेसाठी ती सरळ बदलून दुसऱ्या संगीतकाराची घातली. भूतकाळाचं संगीत मात्र त्या जादा चिपवर वाजतं, गेमच्या आत गुंफलेलं. ते मूळ जपानीच राहिलं. त्यामुळे अमेरिकी सीडीवर भूतकाळात गेलं की एकदम वेगळ्या माणसाची चाल ऐकू येते. एकदा लक्षात आलं की ते कानातून जात नाही. मला मूळ जपानी संगीत जास्त आवडतं, पण भविष्यातली काही अमेरिकी गाणीही वाईट नाहीत. याच्यावर भांडणारे लोक उगाच भांडतात.

सिल्फीड या गेमने मला चकित केलं. मागची यानं आणि अवकाशातल्या लढाया हा सीडीवरून वाहत येणारा व्हिडिओ आहे, त्यावर आपलं यान. पण चित्रं सपाट रंगांच्या बहुकोनांची, म्हणून ६४ रंग पुरतात. ज्याने हे ठरवलं त्याला यंत्राची कुवत कळली होती. स्नॅचर हा गेम जपानी गेमकार हिदेओ कोजिमाचा. त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती फक्त याच यंत्रावर, १९९४मध्ये आली. मूळ सीडीची आजची किंमत ऐकून मी दुकानातला डबा हळूच परत ठेवला आणि मित्राकडून खेळायला आणली. बोलणारी पात्रं, संथ तपास, रात्रीचा एक एक तास कधी गेला कळत नाही. लुनार: इटर्नल ब्लू हा गेमही तसाच गुंतवतो, मात्र त्याच्या इंग्रजी आवृत्तीत सेव्ह करायला जादूचे गुण खर्चावे लागतात. असली कल्पना सुचलेल्याला एकदा आमच्याकडे ऐन लढाईत बेल वाजते तेव्हा बोलवायला हवं.

थांबावं लागतं, हे खरं. आतली मुख्य मेमरी ७६८ केबी. ती एकदा पूर्ण भरायची तर नुसत्या गणिताने पाच सेकंद. टप्पा बदलला की ड्राइव्हची कुरकुर आणि काळा पडदा. चहा ढवळून होतो.

आता कटकटी. पहिली विजेची: जोडणीला स्वतःचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, म्हणजे दोन जाडजूड ठोकळे. सेगा सीडीचा ९ व्होल्टचा, पिनेचं मधलं टोक ऋण. माझ्या दुसऱ्या मॉडेलच्या जेनेसिसचा १० व्होल्टचा, मधलं टोक धन. पिनांचा आकार वेगळा म्हणून अदलाबदल होत नाही, पण बाजारातला 'सगळ्याला चालणारा' अ‍ॅडॉप्टर लावताना टोक तपासाच. निन्टेन्डोच्या जुन्या एनईएसचा अ‍ॅडॉप्टर तर भोकात बसतो आणि डीसीऐवजी एसी सोडतो. आम्ही ठोकळ्यांवर पांढऱ्या चिकटपट्टीने नावं लिहिली आहेत.

दुसरी सेव्हची. आतली जागा जेमतेम ८ केबी आणि ती बॅटरीवर तगते. माझ्या यंत्रातली बॅटरी मेलेली होती, तीही बोर्डाला डाखलेली. दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतली, तेव्हाच जुने कपॅसिटरही बदलले. सेगाची १२८ केबीची रॅम कॅसेट वरच्या खाचेत बसते. मोठ्या रोल-प्लेइंग गेमसाठी ती असलेली बरी.

एक अनपेक्षित फायदा झाला. गेम नसताना ती साधी सीडी प्लेअर म्हणून चालते, आणि घरातला दुसरा सीडी प्लेअर कधीच गेलाय. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांच्या भावगीतांच्या सीडी रविवारी सकाळी यावरच लागायच्या. टीव्ही चालू ठेवावा लागतो, ट्रॅक गेमच्या रिमोटने निवडायचे. त्यांना तो रिमोट माझ्याआधी जमला.

नुसते गेमच खेळायचे असतील तर मेमरी कार्डवरून सीडीचे गेम चालवणाऱ्या आधुनिक कॅसेटी मिळतात. मेगाएसडी हे त्यातलं एक नाव. त्यांना ही जोडणीही लागत नाही, लेन्स झिजण्याची भीती नाही. मी तरीही हीच ठेवणार, कारण मला झाकण उघडून सीडी ठेवायला आवडतं. याला दुसरं कारण नाही.

घेणार असाल तर दुकानातच गेमची सीडी लावून एखादा टप्पा खेळून बघा. नुसती गाण्याची सीडी वाजली म्हणून विश्वास ठेवू नका. सीडीवरचा प्रदेश आणि यंत्राचा प्रदेश जुळतोय का तेही पाहा; जपानी सीडी अमेरिकी यंत्रावर तशीच चालत नाही. आणि तुमच्याकडे जेनेसिसचं तिसरं मॉडेल असेल तर पैसे खिशातच ठेवा, त्याला बाजूचं पोर्टच नाही.