जुने डॉक्टर गेले, आता तिथे जायचं का? नारायण पेठेतल्या आमच्या दवाखान्याचा रिव्ह्यू

गेल्या वर्षी डॉक्टर गेले तेव्हापासून सोसायटीत, लग्नकार्यात, अगदी मंडईत भाजी घेताना सुद्धा एकच प्रश्न, तुम्ही अजून तिथेच जाता का हो, आता मुलगी बघते म्हणे, वडलांसारखी आहे का. प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते. जातो. आमच्या घरचे सगळे अजून तिथेच जातात. का ते खाली आहे आणि काय पटत नाही तेही आहे. नाव मुद्दाम देत नाहीये, त्यांना जाहिरात नकोय (दारावरची पाटी इतकी बारकी आहे की नवीन माणूस हमखास पुढे निघून जातो), पत्र्या मारुतीच्या आसपास कुणालाही जुन्या डॉक्टरांचा दवाखाना विचारा, सांगतील.

आणि डॉक्टरांचा कसला रिव्ह्यू लिहिता असं म्हणणारे येणारच, तर त्यांच्या माहितीसाठी, पैसे घेऊन दिलेली डॉक्टरी सेवा सुप्रीम कोर्टानं 1995 सालीच ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणलीये, म्हणजे मी रीतसर ग्राहक आहे. जुन्या डॉक्टरांना हे अजिबात रुचायचं नाही, म्हणायचे तू ग्राहक तर मग मी कोण, वाणी? पण पावती मागितली तर मुकाट्यानं लिहून द्यायचे.

डॉक्टर बीजे मेडिकल कॉलेजचे. पानशेत धरण फुटलं, 12 जुलै 1961, तेव्हा ते शिकत होते आणि पेठेतल्या घराघरातला चिखल उपसणाऱ्यांत तेही होते. पुढे काही वर्षांनी तिथेच दवाखाना टाकला, आणि मग पेठ सोडून कुठे म्हणून गेले नाहीत. आमच्या बाबांच्या आठवणीतला दवाखाना म्हणजे बाकडं, काचेची कपाटं, उकळत्या पाण्यात खडखडणाऱ्या काचेच्या सिरिंजा आणि जाळीच्या खिडकीमागे कंपाउंडर काका. बाटली घरून न्यायची. गुलाबी मिक्श्चर भरलं की काका कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं खाचे पाडायचे आणि ती बाटलीला चिकटवायचे, एका खाचेचा एक डोस. बाबा म्हणतात अर्धे लोक त्या मिक्श्चरच्या चवीसाठीच आजारी पडायचे. मी लहान असताना मिक्श्चर बंद होत आलं होतं पण पुड्या होत्या, आणि डॉक्टरांची स्कूटर होती, रात्री फोन केला की ती वाड्याच्या दिंडीशी येऊन थांबायची आणि आई आधी घाईघाईनं पलंगावरची चादर बदलायची. ते आईला वहिनी म्हणायचे आणि आल्या आल्या म्हणायचे, वहिनी, चहा नंतर, आधी खिडकी उघडा.

आता मुद्द्यावर येते. डॉक्टर गेल्यावर जो तो म्हणत होता देवमाणूस होता, हाताला गुण होता, आता तसा गुण कुठे येणार. माझं स्पष्ट मत आहे की हे बोलून आपण त्या माणसाचं काम कमी करतो. हातगुण असता तर तो त्यांच्याबरोबर वैकुंठात गेला असता आणि दवाखान्याला टाळं लागलं असतं. त्यांच्याकडे होती ती कार्डं, चिकाटी, आणि औषध न देण्याची हिंमत. या तिन्ही गोष्टी दुसऱ्याला शिकवता येतात, आणि त्यांनी त्या मुलीला शिकवल्यात.

कार्डांचं सांगते, कारण नवीन लोकांना ते माहीत नसतं. टेबलाच्या डाव्या हाताला लाकडी खण आहेत आणि त्यात जाड पोस्टकार्डाएवढी कार्डं, एकेका घराचा गठ्ठा रबरबँड लावून. गंमत म्हणजे गठ्ठे लावलेत वाड्यांच्या नावानं. यातले निम्मे वाडे पाडून तिथे बिल्डिंगा झाल्या, लोक कोथरूडला, धायरीला, वारज्याला गेले, तरी खणात ते अजून आपापल्या वाड्यातच राहतात. आमचा गठ्ठा आजोबांपासून सुरू होतो. आजोबांना पंचेचाळिशीत हार्टचा त्रास झाला ते कार्डावर होतं, म्हणून बाबांना चाळीस लागल्या लागल्या डॉक्टरांनी स्वतः निरोप धाडून बोलावलं आणि बीपी बघायला सुरुवात केली, बाबांना कसलाही त्रास नसताना. बाबा तेव्हा चिडले होते, निरोप्या म्हणून कंपाउंडर काका थेट ऑफिसात गेले होते ना.

माझ्या कार्डावर लाल पेननं लिहिलंय की बाळंतपणात शुगर वाढली होती. बाळंत झाल्यावर शुगर नॉर्मल आली आणि मी तो विषय विसरले. प्रसूती झाली त्या हॉस्पिटलनं पुढचं काही सांगितलं नव्हतं. पण गरोदरपणी शुगर वाढलेल्या बाईला पुढे डायबेटिस व्हायची शक्यता बरीच जास्त असते, तेव्हा दर वर्षी रक्त तपासायचं, हे मला या दवाखान्यात कळलं, आणि आता डॉक्टरताई (सगळे मुलीला तेच म्हणतात) दिवाळीनंतर आठवण करते. दिवाळीनंतर का, तर आधी केली तर आपण रिपोर्ट बघून फराळावर सूट घेतो असं तिचं म्हणणं. तिच्या वडलांचा याच जातीचा प्रश्न आषाढीनंतरचा असायचा, उपासाला साबुदाणा किती झाला ते सांगा, मग शुगरचं बोलू.

औषध न देण्याबद्दल. बाबांनी कुणाच्या तरी नादानं एका मोठ्या हॉस्पिटलचं फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि तिथे लगेच ऑपरेशनची तारीख काढायला सांगितली, ॲडव्हान्स किती भरायचा त्याचा कागदसुद्धा हातात. आम्ही सगळे घाबरून डॉक्टरांकडे. त्यांनी रिपोर्ट उजेडात धरून वाचला, बाबांना झोपवून बरगडीखाली दाबून बघितलं आणि विचारलं, कधी दुखलं? नाही. तेलकट खाल्ल्यावर? नाही. बरं मग, खडे तुम्हाला त्रास देत नाहीत तर तुम्ही खड्यांना का देता. हे झालं त्यांच्या पद्धतीचं बोलणं, पण त्यापुढे त्यांनी एका कागदावर लिहून दिलं की पोटात उजवीकडे कळ आली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर माझ्याकडे येत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. तो कागद अजून फ्रिजवर आहे, खडे अजून बाबांच्या पोटात आहेत. इथे एक सांगते, याचा अर्थ खड्यांचं ऑपरेशन करूच नये असा घेऊ नका, माझ्या आतेभावाला त्यांनीच उभ्या उभ्या सर्जनकडे पाठवलं होतं कारण त्याला खरंच कळा येत होत्या.

2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हाची घबराट ज्यांनी बघितलीये त्यांना आठवेल, शाळा बंद, थिएटर बंद, मास्क मिळेनात, नायडू हॉस्पिटलपुढे ही रांग. डॉक्टर तेव्हा जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायचे, तोंडाला साधा रुमाल, आणि ताप-खोकल्यावाल्यांना वर चढूच द्यायचे नाहीत. तिथल्या तिथे बघून धाप लागतेय, पोटुशी आहे, दमा आहे अशांना नायडूला, बाकीच्यांना घरी. तेव्हा लोक वैतागले, म्हातारा जिन्यात बसवतो म्हणून. 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातले पहिले कोविडचे पेशंट पुण्यातच सापडले आणि मग गावभर सगळ्यांनी तेच केलं, दारात गाळणी. त्या वेळी त्यांचं वय झालं होतं म्हणून मुलीनं त्यांना घरात बसवलं, जिन्यातल्या स्टुलावर ती. ते फोनवर. रोज संध्याकाळी ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांना फोन, ऑक्सिमीटर किती दाखवतो, सहा मिनिटं चालल्यावर किती, आणि बोलताना वाक्य पुरं होतंय का तेही कान देऊन ऐकायचे.

मुलीबद्दल लोकांचा मुख्य आक्षेप, ती स्पेशालिस्ट नाही. अहो ती डीएनबी (एमडीसारखी पुढची पदवी) फॅमिली मेडिसिन आहे, एमबीबीएसनंतर तीन वर्षं याच कामाचं शिक्षण घेतलंय तिनं, हे स्पेशलायझेशनच आहे, फक्त आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही. दुसरा आक्षेप, इंजेक्शन देत नाही. खरंय, देत नाही. व्हायरल तापाला अँटिबायोटिकही देत नाही, भिंतीवर लावलंय "इंजेक्शनचा व अँटिबायोटिकचा आग्रह धरू नये", आग्रह धरलाच तर ती पाटीकडे बोट दाखवते. 2014 पासून बऱ्याच अँटिबायोटिक्सच्या पाकिटावर लाल चौकटीत सूचना असते आणि केमिस्टनं रजिस्टरला नोंद ठेवायची असते, तरी कोपऱ्यावर मागितलं की मिळतंच, त्यामुळे चिडलेला पेशंट खाली उतरून स्वतःच घेतो ही वेगळी गोष्ट.

माझा तिच्यावर विश्वास बसला तो 2025 च्या जानेवारीत. माझी मामी धायरीला राहते. तिकडे सिंहगड रोडच्या पट्ट्यात तेव्हा जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) पेशंट निघायला नुकतीच सुरुवात झाली होती, पेपरात फार आलेलं नव्हतं. मामीला आठवड्यापूर्वी जुलाब झाले होते, ते बरे झाले, आणि आता तळपायाला मुंग्या आणि जिना चढताना पाय जड. जवळच्या एकानं बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या दिल्या होत्या. मी गाडीत घालून पेठेत आणलं. ताईनं पहिला प्रश्न विचारला पोटाचा, मग पाणी कुठलं पिता, मग खुर्चीवरून हात न टेकता उठा म्हणाली, मामीला उठता येईना. मग टेबलाच्या कडेला पाय लोंबते सोडून बसवलं आणि ती छोटी रबरी हातोडी गुडघ्याखाली मारली, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. पाय हललाच नाही. खोलीत जुने डॉक्टर नव्हते पण हातोडी त्यांचीच होती, लाकडी दांड्याची. ताईनं लगेच कार्ड बाजूला ठेवून चिठ्ठी लिहायला घेतली, एकीकडे फोनवर न्यूरोचा बेड बघत, आणि मला म्हणाली घरी कपडे आणायला जाऊ नका, इथूनच जा, उद्यावर टाकू नका, हे श्वासापर्यंत चढू शकतं. मामीला आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटिबॉडीजचं औषध, लागलं (ते किती महाग असतं ते ज्यांनी भरलंय त्यांना विचारा), आयसीयू लागला, पण व्हेंटिलेटर टळला. नंतर फिजिओथेरपी बरेच महिने. आता चालते, गजऱ्यासाठी तुळशीबागेत जाते.

ही चिठ्ठीच मला त्या घराण्याची कमाई वाटते. जुने डॉक्टर स्वतः काय बरं करायचे यापेक्षा कुणाला, कधी, कुठे धाडायचे ते बघा, आणि धाडल्यावर सुटले असं नाही, दुसऱ्या दिवशी फोन असायचा. ताई पण करते. फरक इतकाच की तिचा फोन दोन मिनिटांत संपतो, त्यांचा पंधरा मिनिटं चालायचा आणि त्यातली दहा पीएमटीच्या बसेसबद्दल असायची.

आता तक्रारी. जिना अरुंद आणि अंधारा, लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्यांनी गुडघे दाखवायला वर चढायचं हा विनोद तिथे रोज घडतो. पायरी न चढू शकणाऱ्याला ताई खाली येऊन बघते पण ते रिसेप्शनच्या काकूंना सांगावं लागतं आणि काकूंचा मूड हा स्वतंत्र विषय आहे. अपॉइंटमेंट म्हणून जी वेळ देतात ती नुसती नावाची, एखादा गंभीर पेशंट आला की तासभर सहज जातो. कार्डं कॉम्प्युटरवर घ्यायचं काम चाललंय म्हणे, संपायचं नाव नाही, आणि एखादा दिवस खणाला वाळवी लागली तर काय ही माझी खरी काळजी आहे, मी हे तिला तोंडावर सांगितलंय. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवून उत्तराची वाट बघू नका, ती बघत नाही, या म्हणते. लहान मुलांच्या लसी तिथे मिळत नाहीत. रविवारी बंद, आणि गणपतीत केळकर रोडची गत काय असते ते पुणेकरांना सांगायला नको, विसर्जनाला तर विचारच सोडा.

फी 250, घरी यायचे वेगळे. यूपीआय चालतं. परवडत नाही त्यांच्याकडून घेत नाहीत, पण ते काकूंच्या मूडवर नाही, ताई कार्डावरच खूण करून देते म्हणजे बाहेर कुणाला कळायला नको.

नवीन पेशंटनी संध्याकाळी जा, सकाळी जुन्यांची गर्दी असते. गाडी हमालवाड्याच्या पार्किंगला लावा, रस्त्यावर लावाल तर उचलतील. आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, ती बीपीची छोटी पांढरी गोळी असं सांगून काही होणार नाही, ताई परत घरी पाठवते.