गाडीच्या लॉकसाठी पीटीएफई ड्राय स्प्रे: एका पावसाळ्यानंतर

आमची गाडी रत्नागिरीत उघड्यावर उभी असते. खारा वारा बारा महिने, पाऊस चार महिने. गेल्या डिसेंबरात सकाळी शाळेला निघाले, तर इग्निशनमध्ये चावी फिरेचना. बाबा घरातल्या कडीकुलपांसारखं गाडीच्या लॉकमध्येही वर्षानुवर्षं खोबरेल सोडायचे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. मी वरून ग्रॅफाइट पावडर फुंकली आणि काम आणखी बिघडवलं. चावी ओढून काढली तर खाचांमध्ये काजळासारखा काळा चिकट लगदा!

चावीवाल्या काकांनी लॉकचा सिलिंडर, म्हणजे चावी शिरते तो गोल भाग, खोलून दाखवला. आत पितळेच्या पातळ पट्ट्या ओळीने बसवलेल्या, प्रत्येकीला इवलीशी स्प्रिंग. त्यातली एक पट्टी चिकटून बसली होती. त्यांनी सगळं क्लीनरने धुऊन, वाळवून दिलं आणि पीटीएफई ड्राय स्प्रे घ्यायला सांगितलं. नॉनस्टिक तव्यावर असतो तोच पदार्थ. त्यातला द्रव उडून जातो आणि मागे कोरडा थर राहतो, म्हणून धूळ धरत नाही. ग्रॅफाइटही कोरडंच आणि चांगलं, पण त्यातून वीज वाहते. इग्निशनच्या मागे विजेचा स्विच असतो, तिथे मी ते आता वापरत नाही. डब्ल्यूडी-४० पाणी हुसकावायला आणि गंजलेलं बिजागर सोडवायला घरात ठेवलंय. लॉकला कायमचं वंगण म्हणून मात्र हा पीटीएफई स्प्रेच.

वापरताना बारीक नळी लावायची, खाली फडकं धरायचं आणि अर्धा सेकंदच दाबायचं. जास्त झालं की डॅशबोर्डवर पांढरे डाग पडतात. चावी आठ-दहा वेळा आतबाहेर करून दर वेळी पुसायची, दहा मिनिटं वाळू द्यायचं, मगच गाडी सुरू करायची, कारण फवारा ज्वालाग्राही असतो.

इग्निशन पूर्ण पावसाळाभर लोण्यासारखं फिरलं. ड्रायव्हरच्या दाराला गणपतीनंतर पुन्हा एकदा मारावा लागला, तिथे पाणी थेट येतं. डबा महाग वाटला, पण वर्षानुवर्षं पुरेल. पाचपैकी साडेचार.

झिजलेल्या चावीला मात्र कुठलाच स्प्रे उपयोगाचा नाही. आमची रोजची चावी झिजलीच होती. काकांनी कपाटात पडून असलेल्या कोऱ्या जोडचावीवरून नवी कापून दिली. रोजच्या चावीवरून कापली असती, तर तिची झीजही नव्या चावीत उतरली असती.